साबणाची रेघ

बायको गेली तेव्हा मिस्त्रीनं दवाखान्यातून घरी सासूबाईंना फोन केला. "आई, झालं," एवढंच त्याला बोलता आलं. दाराकडे धावताना सासूबाईंच्या वॉकरचा पाय उंबऱ्यात अडकून वाकला.

आज बाविसाव्या दिवशी तो पाय वर्कशॉपच्या टेबलावर आवळलेला होता. सासूबाई बाजूच्या स्टुलावर बसल्या होत्या.

"नवा आणतो म्हटलं, तर तुम्ही ऐकत नाही."

"नव्याला तिनं गुंडाळलेलं कापड आहे का?"

कापड फक्त डाव्या मुठीला होतं.

"आणि हा वितळला तर?"

"तर आहेच जावयाच्या खांद्यावर हात टाकून न्हाणीघर गाठणं. लाज कधीच कोळून प्यायले मी."

नळी चपटू नये म्हणून मिस्त्रीनं पायाच्या नळीत कोरडी वाळू भरली, तोंडाला लाकडी बूच बसवलं. वाकलेल्या जागी साबणाची रेघ ओढली.

"अ‍ॅल्युमिनियम लाल होत नाही, आई. तसंच दिसतं आणि एकदम ढासळतं. साबण काळा पडला की लगेच आच काढायची. मोतीबिंदूमुळे ज्योतीपुढे मला सगळं पांढरंच दिसतं. तुमची लेक मागे उभी राहून 'झालं' म्हणायची. आज तुम्ही म्हणा."

"तो शब्द मी तोंडातून काढणार नाही."

"मग दुसरा काढा. पण वेळेवर काढा."

त्यानं गॅसचा टॉर्च पेटवला. निळी ज्योत नळीभोवती फिरू लागली.

"पिवळा पडला?"

"हं."

"आता?"

जळक्या साबणाचा वास आला. आता ज्योत काढली तर सरळ करताना पाय मोडणार, नाही काढली तर वितळणार.

"आई, बोला की!"

"झालं!"

जणू बायकोचाच आवाज. तसाच तुटक, थोडा वैतागलेला. कोण बोललं हे कळायच्या आधीच मिस्त्रीनं ज्योत बाजूला घेतली.

दोघंही एकमेकांकडे बघेनात. त्यानं हातमोजा चढवून नळी ओढली. ती हळूहळू सरळ आली. कुठे चीर गेली नाही.

निवल्यावर वाळू ओतून काढली, पाय वॉकरला बसवला. सासूबाई उठल्या, दोन्ही मुठी धरल्या आणि दारापर्यंत एकट्या गेल्या. उंबऱ्यापाशी थांबून त्यांनी वॉकर उचलला, पलीकडे टेकवला.

उजव्या मुठीसाठी बायकोनं कापलेली पट्टी टेबलाच्या खणात होती. ती गुंडाळायची राहिली आहे.