पंख्यातला खर्रा

गेम बंद असला तरी प्रणितचा लॅपटॉप नव्वद डिग्रीपर्यंत तापत होता. आरमोरीच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात मुबीनने त्याचं मागचं झाकण उघडलं आणि प्रणितच्या आईने, रुखमाबाईने, नाक दाबलं. पंख्याच्या पात्यांत सुपारी, चुना आणि तंबाखूचा काळपट लगदा चिकटला होता.

“काऊन भाऊ, खर्रा घोटाले लॅपटॉपशिवाय दुसरी जागा नाई भेटली?” मुबीन हसला.

“जुना असन,” प्रणित पुटपुटला.

“जुना कुठचा? ओला आहे अजून.”

रुखमाबाईने प्रणितकडे पाहिलं. याच घाणीपायी नवऱ्याचा अर्धा जबडा कापावा लागला होता. त्या दिवशी पोराने तिच्या डोक्यावर हात ठेवून खर्ऱ्याला हात न लावायची शपथ घेतली होती.

“बापाचे हाल पाहून बी तुले अक्कल नाई आली?”

“माहा नोहे, आई.” प्रणितने मान खाली घातली. “बाबासाठी घोटतो. हात जोडते ते. मले नाई म्हणता येत नाई.”

ऑपरेशनला चार महिने झाले होते. नवऱ्याच्या ओठांतून ओघळणारी लाल लाळ जखमेचीच समजून रुखमाबाई ती रोज आपल्या पदराने पुसत आली होती.