जड हात

"गिअर टाकतेस की खलबत्त्यात कुटतेस?" गॅरेजवाला दादा धाकट्या बहिणीला सगळ्यांदेखत म्हणायचा आणि बाकीचे ड्रायव्हर खो खो हसायचे. ती शाळेची व्हॅन चालवायची. दादाने गिअरबॉक्स उघडून दुरुस्त केला, तेव्हापासूनच गिअर अडकत होता. पण दादा म्हणतोय म्हणजे आपलाच हात जड, असं धरून ती झोपलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढावा इतक्या अलगद गिअर टाकायला शिकली.

आज व्हॅन बंदच पडली. दादाने पुन्हा गिअरबॉक्स उघडला, तर आत दात्यांमध्ये पिळवटून अडकलेली चिंधी. हात पुसायला फाडलेल्या त्याच्याच जुन्या चौकडीच्या शर्टाची. त्याने ती घाईघाईने खिशात कोंबली.

"काय निघालं, उस्ताद?" दारातून ड्रायव्हरांनी विचारलं.

दादा खाली मान घालून पाना शोधू लागला. बहीण त्याच्याजवळ आली. खिशाबाहेर लोंबणारं चिंधीचं टोक तिने बोटाने आत ढकललं, तेही तितक्याच अलगद. मग दाराकडे वळून हसत म्हणाली,

"काय निघणार? माझाच हात जड!"