आणि सप्टेंबरात काय?

व्हेरा हुडाक पहिल्या रांगेत येऊन बसली, आणि डोनटचं खोकं उघडता उघडता टॉड लॅशरचा चेहरा खाडकन उतरला.

चर्चच्या तळघरातला हॉल भरत आला होता. सगळी पासष्टीच्या पुढची माणसं. निम्मे कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले, बाकीच्या त्यांच्या बायका, नाहीतर विधवा. टॉड त्यांना औषधांचा विमा विकायला आला होता. अशा बैठकीत जेवण घालायला कायद्याची मनाई, म्हणून डोनट आणि कॉफी. दारात प्रत्येकाचा हात धरून तो गोड हसला होता, पण व्हेराला बघून काही त्याला हसू फुटेना. तो तिच्याजवळ येऊन वाकला.

"हुडाकबाई, तुमचा विमा आहे ना आमच्याकडे? मग तुम्हाला या बैठकीची गरजच नाही."

"गरज तुला आहे. मी डोनट खायला आलेय."

"पाच गावं झाली. पाचही ठिकाणी तुम्ही उठून तोच प्रश्न विचारलात आणि लोक कोट चढवून घरी गेले. मला दोन पोरं आहेत हो."

"मला कुणी नाही. म्हणून तर मला वेळच वेळ आहे."

शेजारी बसलेल्या रेजिनाने तिचा दंड दाबला. "पुरे झालं गं आता. एमिलला जाऊन वर्ष होत आलं."

"अकरा महिने. आणि मी अजून दमले नाहीये."

खरंच दमली नव्हती ती. एमिलचा जुना ट्रक हाकत ती टॉडच्या प्रत्येक बैठकीला जायची, पहिल्या रांगेत बसायची आणि शेवटी तीन शब्द टाकायची: आणि सप्टेंबरात काय? की लागली टॉडची बोबडी वळायला. ते बघून आलं की त्या दिवशी तिला चार घास जास्त जायचे. लाज? कसली लाज! विम्याच्या अर्जावर तिच्या नवऱ्याची, एमिलची सही याच माणसाने नेली होती. गेल्या वर्षी सप्टेंबरात विम्याने एमिलच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचे पैसे द्यायचं बंद केलं, आणि म्हाताऱ्याने बायकोला न सांगता गोळी एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. डिसेंबरात तो गेला. औषधाच्या डबीत गोळ्या तशाच शिल्लक होत्या.

आज तर गाव तिचं स्वतःचं होतं. इथलं प्रत्येक माणूस एमिलच्या मातीला आलं होतं.

"आज याला इथेच गाडते की नाही बघ," ती पुटपुटली.

"अगं, चर्चमध्ये आहेस तू!"

"चर्च वर आहे. हे तळघर आहे."

टॉड फळ्यापाशी गेला. खडू हातात घेतला. मग त्याने व्हेराकडे सरळ बघितलं.

"आज मी उलट्या टोकापासून सुरुवात करतो," तो म्हणाला. "आधी खड्डा सांगतो."

व्हेराच्या हातातला डोनट हातातच राहिला.

"वर्षाच्या सुरुवातीला विमा तुमच्या औषधांचा बराचसा खर्च उचलतो. पण एका ठरलेल्या आकड्यापर्यंतच. तो आकडा गाठला की विमा हात वर करतो. पुढची प्रत्येक गोळी तुमच्या खिशातून, आणि हप्ता मात्र चालूच. खर्च फारच वाढला तर विमा परत येतो, पण बहुतेकांचं वर्ष खड्ड्यातच संपतं. गोळी महागाची असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरातच तुम्ही त्यात पडता."

मागून बेनी यानोशने घसा खाकरला. चाळीस वर्षं एमिलबरोबर खाणीत उतरलेला माणूस. "मग आम्ही करायचं काय?"

"सही करायच्या आधी तुमच्या गोळ्यांची यादी मला दाखवायची. खड्ड्यातसुद्धा पैसे देणाऱ्या योजना आहेत. हप्ता थोडा जास्त पडतो, एवढंच."

"पोरगं सरळ बोलतंय," बेनी म्हणाला आणि त्याने अर्ज पुढे ओढला. मग इतरांनीही ओढले. कुणी चष्मा शोधायला लागलं, कुणी पेन मागायला लागलं. गेल्या पाच गावांत टॉडला एकही सही मिळाली नव्हती. इथे पंधरा-वीस जण एकदम लिहायला बसले.

व्हेराकडे आता विचारायला काही उरलं नव्हतं. मेल्याने तिचा प्रश्नच पळवला होता. रेजिना कानाशी लागली, "झालं ना तुझ्या मनासारखं? आता तरी सोड त्याला."

पण व्हेराच्या डोक्यात तो एकच शब्द घणघणत होता. एवढंच. हप्ता थोडा जास्त, एवढंच. एवढ्यावर एमिलच्या गोळ्या चालू राहिल्या असत्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

टॉडचा जीव भांड्यात पडला होता. कपाळ पुसत, अगदी मऊ आवाजात त्याने विचारलं, "हुडाकबाई, तुम्हाला काही विचारायचंय?"

व्हेरा गुडघ्यावर हात टेकून उठली. आवाज तिने चढवला नाही. गरजच नव्हती, सगळे तिच्याकडेच बघत होते.

"छान समजावलंस. मलासुद्धा आज पहिल्यांदा कळलं," ती म्हणाली. "दोन मिनिटं लागली तुला, टॉड. आमच्या घरी तू दोन तास बसला होतास."