बालवाडीची भिंत

फुकुशिमातल्या त्या बालवाडीची भिंत मी आणि चियोमावशी ओल्या कागदाने पुसत होतो. कागद एकाच दिशेने ओढायचा, मागे आणायचा नाही. नाहीतर उचललेली किरणोत्सारी धूळ पुन्हा भिंतीलाच बसते.

पुसून झाल्यावर किरणोत्सार मोजणारं यंत्र फिरवलं, तर सगळी भिंत गप्प झाली होती. खिडकीखाली तळहाताएवढ्या जागेवर मात्र ते टिकटिकत राहिलं.

"हात चालवा की! दुपारी तपासणी आहे, माझं नाक कापाल," मुकादम ओनोदेरा खेकसला.

गेल्या हिवाळ्यात याच ओनोदेराने धुतलेल्या भिंतींचं पाणी टाकीत न भरता आमच्या पाटात सोडलं होतं. भात गेला, मळा गेला, आणि रित्या मळ्याकडे बघत बघत माझे बाबाही गेले.

मी पुसलं. टिकटिक वीतभर पुढे सरकली. पुन्हा पुसलं, पुन्हा वीतभर.

"साचिए, अगं, ही तर मुकादमाकडेच निघालीय," चियोमावशी कुजबुजली.

"भिंतीला काय पाय फुटले, म्हातारे?" हसत ओनोदेरा भिंतीला पाठ टेकून उभा राहिला.

भिंत साफ गप्प झाली.

मी यंत्र त्याच्या पाठीजवळ नेलं. तिथे, दोन खांद्यांच्या मधोमध, ते तडतडू लागलं.

ओनोदेराचा चेहरा पांढरा पडला. "पूस ना गं, बाळ," तो म्हणाला. इतक्या मऊ आवाजात तो कधी कुणाशी बोलला नव्हता.

मी नवा कागद भिजवला आणि सावकाश, अगदी हलक्या हाताने, त्याच्या गळ्याकडे ओढला.