बरी आहे

"गाडी बरी आहे," स्टिअरिंगवर हात ठेवून निवृत्त मुख्याध्यापक यमगर गुरुजी म्हणाले.

"नोंद केली. शोरूमला पाचपैकी दोन तारे," गाडी म्हणाली.

मागच्या सीटवर शोरूमच्या मालकीणबाई हेमलताताईंनी कपाळाला हात लावला. गाडीमालकाचं बोलणं ऐकून गाड्याच अभिप्राय लिहू लागल्यापासून अख्खा सातारा 'बरी आहे' म्हणत होता आणि त्यांचं शोरूम बुडत होतं.

"काकू," त्यांनी शेजारी बसलेल्या गुरुजींच्या बायकोला विचारलं, "तुमच्या स्वयंपाकाला गुरुजी काय म्हणतात हो?"

"'बरा झालाय.' चाळीस वर्षं तेच! आणि तिसऱ्यांदा वाढून घेतात."



"म्हणजे माझंच चुकलं की!" गाडी म्हणाली, आणि काचेवर पाच तारे लखलखले.

एका गाडीला कळलं ते गावातल्या सगळ्या गाड्यांना कळलं. संध्याकाळपर्यंत शोरूम जिल्ह्यात पहिलं आलं!

हेमलताताईंनी कंदी पेढे वाटले. गुरुजींनी एक तोंडात टाकला.

"बरा आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी दुसरा उचलला.

दारातल्या झाडून साऱ्या गाड्यांनी एकदम हॉर्न वाजवला.