पश्चिमेचा ताण

सिमेंटचा ठोकळा मातीतून वर येत होता.

दत्तात्रेय त्याच्यावर पोटाने आडवा पडला. वाऱ्याचा झोत आला की पवनचक्कीच्या खांबाची तार ताठ व्हायची, ठोकळा त्याच्यासकट उचलायची. झोत ओसरला की ठोकळा परत चिखलात बसायचा, पण आधीपेक्षा वरच राहायचा. खांबाच्या टोकाला पाती किंचाळत होती. थांबवायची कळ त्याने केव्हाच दाबली होती, पण पाती थांबली नव्हती.

वादळ समुद्राकडून येत होतं. खांबाला पश्चिमेकडून ओढून धरणारी ही तार, हा ताण, सुटला असता तर खांब पूर्वेला, थेट मागच्या खोलीवर आला असता. खोलीत त्याची मुलगी नीरजा होती, ओली बाळंतीण. बाकी घराची कौलं सकाळीच उडाली होती. तेवढी एकच खोली कोरडी राहिली होती.

"अहो, पोरीला घेऊन वन्संकडे जाऊ या!" दारातून हेमा ओरडली.

"तिच्याकडे नाही!"

"मग कुठे? रस्त्यावर आंबा आडवा झालाय!"

त्याने ठोकळ्याला आणखी घट्ट मिठी मारली.

वन्सं म्हणजे तुळसा, त्याची थोरली बहीण. गडग्याच्या पलीकडेच राहायची. नवरा गेल्यावर तिने वडिलांच्या जमिनीत आपला वाटा मागितला. ती सही करून हक्क सोडेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तिने सोडला नाही. बाग भावाला ठेवली, पश्चिमेकडची कातळाची पट्टी घेतली आणि तिथे दोन खोल्या बांधल्या. तेव्हापासून दत्तात्रेय तिच्याशी बोलला नव्हता. मधला दगडी गडगा त्याने पुरुषभर उंच करून घेतला, तिचं दार दिसू नये म्हणून.

पवनचक्की नंतरची. कातळाच्या या उघड्या सड्यावर वीज टिकत नसे, म्हणून त्याने हौसेने आणली. खांब उभा करायला आलेल्या इंजिनिअरने बजावलं होतं, "साहेब, पश्चिमेचा ताण लांब न्या. पलीकडे कातळ आहे, त्यात कडी बसवा. इथे इतक्या जवळ घेतला तर तार उभी येईल आणि ठोकळा उपटून काढेल."

"जागा आपली नाही," दत्तात्रेय म्हणाला होता. ठोकळा गडग्याच्या अलीकडेच, भरावाच्या मातीत पुरला गेला.

आता त्यावर वजन हवं होतं. दत्तात्रेय उठला आणि गडग्याचे चिरे उपसू लागला. एकेक चिरा छातीशी धरून आणायचा, ठोकळ्यावर ठेवायचा. हेमाही धावली. पाऊस डोळ्यांत सुईसारखा टोचत होता. गडग्याला खिंडार पडलं, तरी तो उपसतच राहिला. मग एक मोठा झोत आला. ठोकळा कलंडला, चिरे गडगडत खाली आले आणि खांब घराच्या बाजूला झुकला.

दत्तात्रेयने तार दोन्ही हातांनी धरली. तळवे फाटले. पाय चिखलात घसरत चालले.

"नाही राहत गं! पोरीला बाहेर काढ!" तो रडत होता. "ताईकडे ने! ताईकडे!"

हेमा आत धावली. बाळाला पदराखाली घेऊन, नीरजाला कवेत धरून ती खिंडारातून पलीकडे गेली. त्याच खिंडारातून तुळसा अलीकडे आली. तिच्या खांद्यावर होडीच्या जाड दोराचं वेटोळं होतं.

"मेल्या, हातांनी खांब राहतो होय? दोर बांध तारेला!"

त्याने बांधला. बोटं वळत नव्हती, तर तिने गाठ आवळली. दोराचं दुसरं टोक घेऊन ती पलीकडे निघाली आणि तो मागोमाग गेला. करवंदीच्या जाळीपाशी ती वाकली. जाळी हाताने बाजूला केली. खाली कातळात मनगटाएवढी जाड लोखंडी कडी रोवलेली होती.

दोर कडीतून ओवला. झोत ओसरला की दोघं मागे रेलून ओढायची, झोत आला की टाचा कातळाला लावून धरून ठेवायची. तुळसाचे पांढरे केस तोंडावर चिकटले होते. "ओढ, दत्तू! अजून!" खांब हळूहळू सरळ झाला. तिने दोराला गाठीवर गाठ मारली. दोर कण्हला, पण ढळला नाही.

दुपार कलली तसा वारा पडला. खांब उभा होता. तुळसाच्या खोलीतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. दत्तात्रेय तिथेच कातळावर बसला. आत्ता कुठे त्याने कडी नीट पाहिली. तिच्याभोवतीचं सिमेंट जुनं होतं, शेवाळलेलं. कडीवर मात्र गंज नव्हता. कोणीतरी दर पावसाळ्याआधी तिला तेल लावत होतं.

"ही कधी बसवलीस?"

"तुझा खांब उभा राहिला, त्याच आठवड्यात. तुझा इंजिनिअर काय सांगत होता, ते इकडे ऐकू येत होतं."

"मग बोलली का नाहीस, ताई?"

तुळसाने त्याचे रक्ताळलेले तळवे आपल्या पदरात घेतले.

"माझं मागायला मी तुझ्या दारात आले होते, दत्तू. तूही येशील, असं वाटलं मला."