जबड्यातला डाग

भाकरी तव्यावर पडली आणि मधोमध फाटली.

"पुन्ना थापा," बसम्मा स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाली. "काठ जाड, मधी पातळ. ही भाकरी हाय का जिल्ह्याचा नकाशा?"

संगप्पाने पुन्हा पीठ मळायला घेतले. मंगळवेढ्यात त्याने चाळीस वर्षे ज्वारी विकली होती. भाकरी थापायची वेळ मात्र कधी आली नव्हती. ती आली जबड्यातल्या डागामुळे.

दुकान सोडून दोघे जुळे सोलापुरात राहायला आले होते आणि गेल्या वर्षी तिथे डेंटल कॉलेजची तपासणीची बस आली होती. तंबाखू खाणाऱ्या आणि मिश्री लावणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या जबड्यांवर कॉलेजात संशोधन चालले होते. संगप्पाची तंबाखू जुनी, बसम्माची मिश्री त्याहून जुनी. दोघेही बसमध्ये चढले. एक्स-रेचे मशीन डोक्याभोवती गरगर फिरले आणि संगप्पाला चक्कर आली. बसम्माची निराळीच तऱ्हा. दागिने काढा म्हटल्यावर तिने सगळे काढले, पण नाकातली चमकी निघेना. लग्नात घातलेली, फिरकी गच्च बसलेली. दोन शिकाऊ पोरींनी तेल लावून पाहिले. शेवटी डॉक्टर राजेश्वरी हसून म्हणाल्या, "राहू द्या आजी, तशाच बसा."

रिपोर्ट आणायला बसम्मा एकटीच गेली, कारण मशीनचे नाव काढले तरी संगप्पाला घाम फुटत होता. ती परत आली, पिशवी खुंटीला अडकवली, तांब्याभर पाणी प्याली आणि म्हणाली, "तुमच्या जबड्यात डाग हाय. घाबरायचं न्हाय. ऑपरेशन नको म्हणून मी सांगून आले. या वयात कुटं कापाकापी? पथ्य मात्र पाळायचं."

तंबाखू त्या दिवशी सुटली. तिखट बंद झाले. भाकरी दुधात कुस्करून खायची. आणि हाताला काम द्यायचे, म्हणजे जबड्यात रक्त फिरते. हे शेवटचे संगप्पाला नीट कळले नाही, पण डॉक्टरीणबाईंचा हुकूम म्हटल्यावर विचारणार कोण? आधी भात आला. मग आमटी, मग कपडे धुवायचे मशीन, मग गॅसचा नंबर लावणे. दर महिन्याला बसम्मा कॉलेजात जायची. मशीनच्या भीतीने तो बाहेर बाकावर पिशवी घेऊन बसायचा आणि ती आतून एक नवीन काम घेऊन यायची.

तिने त्याला पथ्यात एकटे मात्र पडू दिले नाही. मिश्रीची डबी तिने त्याच दिवशी फेकून दिली. शेंगाचटणी म्हणजे तिचा जीव की प्राण, तीही सोडली. तीसुद्धा दुधात भाकरी कुस्करू लागली.

"तू खा की गं चटणी," तो म्हणायचा.

"तुमच्या म्होरं बसून एकटीनं खाऊ व्हय?"

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात दोघे इतका वेळ एका खोलीत कधी बसले नव्हते. सकाळी तो भाकरी थापायचा, ती गालाला पदर लावून स्टुलावर बसायची आणि टोमणे मारायची. संगप्पाला ते आवडू लागले होते. डाग तर दुखतही नव्हता. कधी कधी तो विसरूनच जायचा.

एकदा खालच्या मजल्यावरचा चनमल्लप्पा जेवायला आला. संगप्पाच्या हातची आमटी त्याने दोनदा वाढून घेतली. बसम्मा आत गेल्यावर तो खुसखुसला.

"भाकरी थापून जबडा बरा होतो व्हय रे? डाग न्हाय नि काय न्हाय. वैनीनं तुला कामाला लावलंय."

संगप्पा दोन दिवस विचार करत राहिला. जितका विचार करावा तितके ते पटत गेले. त्याला राग आला नाही, उलट हसूच आले. डाग नसेल तर याहून बरे काय? म्हातारीला एकदा रंगेहाथ पकडायचे, एवढेच राहिले.

हल्ली बसम्मा दुपारची बराच वेळ झोपायची. त्याने सकाळच्या दोन भाकरी डब्यात घातल्या आणि रिक्षा करून कॉलेज गाठले.

"आजोबा, आज एकटेच?" डॉक्टर राजेश्वरी म्हणाल्या.

"ती निजलीया. ह्या तुमाला, माझ्या हातच्या." त्याने डबा पुढे केला. "एक विचारू का, बाई? त्यो डाग खरंच हाय का वो?"

डॉक्टरांनी डबा टेबलावर ठेवला. "आहे, आजोबा. घरी सगळं सांगितलंय ना? मी दर वेळी आजींना विचारते."

"सांगितलंय की. पहिल्याच दिवशी."

चनमल्लप्पाचे बोलणे खोटे निघाले होते. संगप्पाला वाटले होते तेवढी भीती मात्र वाटली नाही. दहा महिने बरे गेले होते, पुढचेही जातील.

"भाकरी छान झाली हो," डॉक्टर तुकडा मोडून म्हणाल्या. "आजी सांगत होत्या. मागच्या खेपेला तुमची भाकरी फुगली म्हणून किती खूश होत्या."

"डाग एकदा दाखवा की. अजून बघितला न्हाय."

"नक्की बघायचाय?"

"दहा महिने राबतोय. कशापायी ते तरी बघू द्या."

डॉक्टरांनी कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. संगप्पाने चष्मा लावला. काळ्यावर पांढऱ्या दातांची रांग. खालच्या दाढांच्या मुळाशी, टोक्या किड्याने आतून खाल्लेल्या ज्वारीच्या दाण्यासारखे, एक काळे भगदाड.

"मोठा हाय की," तो म्हणाला.

मग त्याची नजर वर सरकली. दातांच्या रांगेवर, नाकाच्या एका बाजूला, फिरकीसकट एक इवलीशी चमकी पांढरीशुभ्र दिसत होती.